सायकॉलॉजी घेतलेल्या ठाणेकर एफवायच्या मुलांसाठी

ठाण्यात राहून सायकॉलॉजी घेतली की एक विनोद ठरलेलाच असतो: «आता काय, मेंटल हॉस्पिटललाच नोकरी!» मनोरुग्णालय आपल्याकडे १९०१ पासून आहे, विनोदही बहुतेक तेवढाच जुना असावा. हसून सोडून द्या. पहिल्या वर्षी आजार फार कमी असतात. धडधाकट मेंदू जागा कसा राहतो, विचार कसा करतो, बोलतो कसा, याचाच अभ्यास जास्त असतो. मी एमएनंतर नौपाड्यात एफवायच्या मुलांना शिकवते. नेमकी हीच प्रकरणं मुलं व्याख्या घोकून उरकतात, म्हणून हे लिहितेय.

पुस्तकात चेतना आधी असली तरी सुरुवात भाषेपासून करा. चेतना हाताला लागत नाही, भाषा लागते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांपुढे एक रुग्ण आला. त्याला बोललेलं बरंचसं समजायचं, पण तोंडातून जवळपास ‘तां’ एवढंच निघायचं. तो गेल्यावर मेंदू तपासला, तर डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी उलट प्रकार मांडला: बोलणं धडाधड, पण अर्थाचा पत्ता नाही आणि दुसऱ्याचंही नीट कळत नाही. इथे बिघाड डाव्या कानशिलामागच्या भागात. पेपरात या दोघांची अदलाबदल हमखास होते. रुग्णाचं काय शाबूत आहे ते आधी शोधा, समज की ओघ, मग नाव आपोआप सुचतं. आणि ‘ब्रोका क्षेत्र (म्हणजे तोच डावा पुढचा भाग) हे वाचेचं केंद्र’ एवढ्यावर थांबू नका. त्या रुग्णाचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलाय. २००७ मध्ये त्याच्या एमआरआयचे निष्कर्ष आले, तेव्हा इजा ब्रोकांना दिसली त्याहून बरीच खोल गेलेली निघाली.

याच प्रकरणातला माझा लाडका प्रयोग १९८४ चा, वर्कर आणि टीस या संशोधकांचा. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला त आणि ट यांतला फरक ऐकू यायचा. वर्षाची होईतो बहुतेकांना तो ऐकू येईनासा झाला. आपल्याला गंमत वाटते, पण आपणही व्ही आणि डब्ल्यू दोन्ही ‘व’वरच भागवतो की!

विचारांच्या प्रकरणाला घरची माणसं कामाला लावा. चार चिठ्ठ्या करा: अ, क, ४, ७. प्रत्येकीच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम आकडा. नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणत्या चिठ्ठ्या उलटाल? बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. उत्तर अ आणि ७, कारण ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही, ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. हे मानसशास्त्रज्ञ वेसन यांचं १९६६ चं कोडं. आता चिठ्ठ्यांवर बिअर, कोक, वय २२, वय १६ लिहा आणि नियम ठेवा: बिअर पिणारा सज्ञान हवा. जी मावशी मघाशी चुकली, ती लगेच बिअर आणि १६ उचलेल. तर्क तोच, पण ओळखीच्या नियमात सोपा जातो. उत्तरात हे उदाहरण मांडलंत की व्याख्येच्या पाच ओळी वाचतात.

चेतनेत झोप नीट करा, बाकी चाळा. आरईएम झोप (मिटल्या पापण्यांखाली डोळे भरभर हलतात ती) १९५३ मध्ये नोंदली गेली. चक्र साधारण ९० मिनिटांचं, गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त, आरईएम पहाटेकडे. म्हणजे पहाटेच्या लोकलसाठी उठणाऱ्याची कात्री मुख्यतः आरईएमला लागते. ‘डावा मेंदू तर्काचा, उजवा कलेचा’ हे मात्र लिहू नका. रॉजर स्पेरी या संशोधकांना १९८१ चं नोबेल दुभंगलेल्या मेंदूवरच्या (दोन अर्धांमधला दुवा कापलेल्या) कामासाठी मिळालं, या व्हॉट्सअ‍ॅपी वाक्यासाठी नव्हे.

पालक विचारतात म्हणून सांगते: नुसत्या बीएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. पुढचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. प्रवेश घेण्याआधी त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीतच बघा, जाहिरातीत नाही.