पीसी किती लहान करायचा? डबा निवडण्याआधी हे बघून घ्या

सांगलीत आता छोटा पीसी मागणारे बरेच भेटतात. विश्रामबागेतले क्लासवाले, सीएंची ऑफिसं, मार्केट यार्डातले अडते, आणि घरी टीव्हीशेजारी ठेवायचाय म्हणणारे तर भरपूर. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किती लहान होईल? मी म्हणतो आधी हे ठरवा की काय सोडायची तयारी आहे, कारण डब्यातनं, म्हणजे पीसीच्या कॅबिनेटमधनं, काढलेली वस्तू कुठं नाहीशी होत नाही, ती टेबलाखाली येते, फॅनच्या आवाजात येते, नाहीतर दोन वर्षांनी दुरुस्तीच्या बिलात येते. हे आधी कळलं की छोटा पीसी खरंच मस्त वस्तू आहे, मला मनापासून आवडते, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा मोजायला शिका. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, हजारानं भागा, आलं लिटरमध्ये माप. नेहमीचा टॉवर ४५ बाय ४० बाय २० धरला तर ३६ लिटर होतो. डब्याचा साइज आतल्या मदरबोर्डावर ठरतो, त्यातला मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ मिमी चौरस असतो आणि मिनी आयटीएक्स १७० मिमी चौरस, हा साइज व्हीआयए कंपनीनं २००१ मध्ये आणला आणि आजपण घरी जुळवायच्या छोट्या पीसीचा पाया तोच आहे. त्याच्याही खाली गेलात तर ऑफिसमधनं निघालेले लेनोवो थिंकसेंटर टायनी, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे मिनी, हे सगळे साधारण एक लिटरचे, १८ सेंमी चौरस आणि साडेतीन सेंमी जाड.

आता माझा हिशोब असा आहे की ३६ वरनं १५ लिटरपर्यंत उतरताना जवळपास काहीच जात नाही, कारण टॉवरमध्ये निम्मी जागा रिकामीच असते, सीडी ड्राइव्हचे खण कोण वापरतंय आता. १५ वरनं पाचपर्यंत येताना पैसे जास्त जातात आणि डोकं लावावं लागतं. पाचाच्या खाली मात्र प्रत्येक सेंटिमीटरला काहीतरी मोजावं लागतंय. बहुतेकांचं काम १० लिटरच्या आसपास सगळ्यात चांगलं भागतं, पण ते दिसायला तेवढं भारी नसतं म्हणून कोणी मागत नाही.

सगळ्यात मोठा विषय उष्णतेचा, आणि आपल्याकडं तर जास्तच. प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण तो तेवढ्यावर थांबत नाही. रायझन ५ ५६००जी ६५ वॅटचा म्हणून विकतात, प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत खेचतो. आय५ १२४०० तर थोडा वेळ ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ही उष्णता मोठ्या डब्यात १२० मिमीचा फॅन सावकाश फिरून बाहेर काढतो, छोट्या डब्यात जागाच नाही म्हटल्यावर ९२ मिमीचा नाहीतर त्याहून लहान पंखा बसवावा लागतो आणि तेवढीच हवा ढकलायला तो जोरात पळतो, म्हणजे आवाज. म्हणून डबा घेताना कूलरला, म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या धातूच्या पात्या आणि फॅनला, किती उंची मिळते ते पहिलं बघायचं. अ‍ॅसरॉकचा डेस्कमिनी एक्स३०० साधारण दोन लिटरचा, त्यात कूलर ४६ मिमीपर्यंतच बसतो. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-एल९ कूलर फॅन धरून ३७ मिमी उंच, तो बसतो, पण त्याच्या डोक्यावर जाळी आणि जाळीच्या पलीकडं मोकळी हवा पाहिजे. जाळी भिंतीला टेकवलीत की संपलं.

दुसरी गोष्ट, खोलीचं तापमान १५ डिग्रीनं वाढलं की प्रोसेसरचंही जवळपास तेवढंच वाढतं. जानेवारीत सकाळी २५ डिग्रीत टेस्ट करून ८२ दाखवलं म्हणून खूश झालात तर एप्रिलमध्ये दुपारी ४० च्या आसपास पारा गेला की तोच प्रोसेसर ९५ च्या वर जाणार आणि स्वतःचा स्पीड स्वतः कमी करणार. मग लोक म्हणतात पीसी हँग होतोय, विंडोज टाकून द्या. विंडोजचा काही संबंध नसतो त्यात.

यावर चांगला उपाय आहे आणि फुकट आहे. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरनं किती वॅटपर्यंत जायचं ती मर्यादा, कमी करा. ५६००जी ला ४५ वॅटचं सेटिंग अधिकृतपणे दिलेलं आहे. अर्धी वीज म्हणजे अर्धा स्पीड असं होत नाही, कारण शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ मिळवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं वाढते, त्यामुळं वरचा थोडा स्पीड सोडला की उष्णता बरीच उतरते. टॅली, एक्सेल, ब्राउझर यात फरक कळणारपण नाही. व्हिडिओ एडिटिंग किंवा ऑटोकॅडचं जड काम असेल तर मात्र कळेल, त्यांनी मोठाच डबा घ्यावा, उगाच हट्ट नको.

धुळीचं वेगळं सांगायला पाहिजे. वसंतदादा मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याच्या दिवसात जाऊन बघा, काउंटरवर, वहीवर, कीबोर्डवर सगळीकडं पिवळा थर. तिथल्या एका अडत दुकानातला एक लिटरवाला पीसी खोलला तर वरनं चकाचक होता, आत फॅन काढल्यावर कूलरच्या पात्यांमध्ये हळदीची अशी जाड पिवळी गादी बसलेली की पलीकडचं दिसत नव्हतं. छोट्या कूलरची पाती एकमेकांना फार जवळ असतात म्हणून ती लवकर बुजतात, मोठ्या टॉवरमध्ये तीच धूळ खाली तळाला पडून राहिली असती. त्यामुळं हळद, बेदाणा, पीठ गिरणी, फर्निचरचं वर्कशॉप अशा जागी एक लिटरवाला बसवायचाच असेल तर चार स्क्रूत खोलता येतो का बघा, आणि ब्लोअर मारताना फॅन बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो जोरात फिरून बेअरिंग जातं. आडवा टेबलावर ठेवण्यापेक्षा मॉनिटरच्या मागं जरा उंचावर लावला तर धूळ कमी खातो.

पॉवर सप्लायचं काय करायचं? नेहमीचा एटीएक्स १५० बाय ८६ मिमी तोंडाचा असतो, एसएफएक्स १२५ बाय ६३.५, आणि फ्लेक्स एटीएक्स तर ८१.५ बाय ४०.५ च. फ्लेक्समध्ये ४० मिमीचा इवलासा पंखा असतो आणि लोड आला की तो किरकिरतो, शांत खोलीत डोकं उठतं, क्लासच्या रूममध्ये तर अजिबात नको. एसएफएक्स मला सगळ्यात शहाणा वाटतो. तिसरा मार्ग म्हणजे सप्लाय डब्याबाहेरच काढायचा, लॅपटॉपसारखा १९ व्होल्टचा अडॅप्टर. यानं डबा लहान होतो, सप्लायची उष्णतापण बाहेर जाते, पण अडॅप्टरची वीट टेबलाखाली लोंबकळते, झाडू मारताना वायर ओढली जाते आणि पिन ढिली होते. ती वीट डबल टेपनं टेबलाच्या खालच्या बाजूला किंवा पायाला चिकटवून टाका, अर्धे प्रॉब्लेम तिथंच संपतात. आणि कुठलाही १९ व्होल्टचा चार्जर लावू नका, वॅट आणि पिन दोन्ही जुळलं पाहिजे, काही कंपन्यांचे पीसी तर ओळखीचा अडॅप्टर नसला की प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतात.

याच गोष्टीचं उदाहरण अ‍ॅपलच्या मॅक मिनीत स्वच्छ दिसतं. २००५ चा पहिला मॅक मिनी १६.५ सेंमी चौरस होता, त्यासाठी लॅपटॉपची हळू हार्ड डिस्क घेतली आणि सप्लाय बाहेर काढला. २०१० मध्ये सप्लाय आत घेतला तर डबा १९.७ सेंमीचा झाला. २०१४ मध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केली. २०२४ मध्ये सप्लाय आतच ठेवून १२.७ सेंमीवर आणला तर पॉवर बटण खालच्या बाजूला गेलं आणि जुन्या चौकोनी यूएसबीचा एकपण पोर्ट उरला नाही. जगातले एवढे हुशार इंजिनिअर बसूनसुद्धा प्रत्येक वेळी काहीतरी दिलंच आहे.

पोर्टवरनं आठवलं, दुकानदारांनी आपल्याकडं काय काय जोडलेलं आहे ते आधी कागदावर लिहावं. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा बऱ्याच ठिकाणी जुन्या सिरीयल पोर्टवर असतो, बिलाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, बारकोड स्कॅनर, टॅलीवाल्यांचा डिजिटल सहीचा डोंगल, पेन ड्राइव्हला एक जागा. चार पोर्टवाल्या डब्यात हे मावत नाही, मग हब, कन्व्हर्टर, एक्स्टेंशन असं सगळं टेबलावर पसरतं आणि वाचवलेली जागा परत जाते. सिरीयल पोर्टसाठी यूएसबी कन्व्हर्टर चालतो पण विकत घेण्याआधी काट्याला लावून बघा.

दुरुस्तीला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. मायक्रो एटीएक्स बोर्ड गेला तर सांगलीत किंवा मिरजेत त्याच दिवशी दुसरा मिळायची शक्यता चांगली असते, मिनी आयटीएक्स बहुतेक वेळा पुण्यावरनं किंवा ऑनलाइन मागवायचा आणि तो त्याच दर्जाच्या मोठ्या बोर्डापेक्षा महागपण असतो. त्यावर रॅमचे दोनच स्लॉट आणि कार्डासाठी एकच, म्हणून रॅम पहिल्यांदाच १६ जीबीची एकच पट्टी घ्या आणि एक स्लॉट मोकळा ठेवा. अर्थात इनबिल्ट ग्राफिक्सला दोन पट्ट्यांत जास्त स्पीड मिळतो, गेम खेळणार असाल तर ८ च्या दोन घ्या. सोल्डर केलेली रॅम असेल तर जेवढी लागेल वाटतेय त्याच्या दुप्पट घ्यायची, नंतर काहीच करता येत नाही. एसएसडी मात्र २२८० साइजची (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब) एम.२, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी पट्टीच बघा, ती सगळीकडं मिळते.

छोट्याचा एक मोठा फायदा आपल्या भागात फार उपयोगी आहे. ऑफिसवाला मिनी पीसी साध्या कामाला मॉनिटर सोडून १५ ते ३० वॅटच्या आसपास खातो, त्यामुळं ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस लाइट गेल्यावर टॉवरपेक्षा कितीतरी जास्त वेळ ओढतो, चालू बिल पूर्ण करून शांतपणे बंद करता येतं.

पैसे देण्याआधी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा खोका करून जागेवर ठेवा, मागं वायर वळायला पाचेक सेंटिमीटर आणि जाळीच्या बाजूला तेवढीच मोकळी जागा धरा. लाकडी कपाटाचं दार बंद करून आत ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. पीसी आल्यावर दुपारी तीनच्या सुमाराला, खोलीतला एसी बंद करून, सिनेबेंच हा प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा टेस्ट प्रोग्राम अर्धा तास लूपवर चालवा आणि एचडब्ल्यू इन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रोसेसरचं आणि एसएसडीचं तापमान दोन्ही बघा. उन्हाळ्यात प्रोसेसर ८५ च्या आत आणि एसएसडी ७० च्या आत राहिली तर निश्चिंत वापरा. थंडीत टेस्ट करत असाल तर आकड्यात १५ मिळवून बघा. वर जात असेल तर पॉवर लिमिट एक पायरी खाली आणून परत चालवा, तरीही उतरत नसेल तर रिटर्नची मुदत संपायच्या आत परत देऊन एक साइज मोठा डबा घ्या.