व्हॅली ऑफ फ्लॉवर्सची सहल कशी आखावी

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान पाहण्यासाठी दर पावसाळ्यात महाराष्ट्रातून पुष्कळ मंडळी जातात. त्यांतील बरीचशी मंडळी आधी रजा कधी मिळते ते पाहतात, त्याप्रमाणे गाडीची तिकिटे काढतात आणि तेथे काय पाहायला मिळेल याची चौकशी अगदी शेवटी करतात. हा क्रम उलटा करावा असे माझे स्पष्ट मत आहे. हे उद्यान जून ते ऑक्टोबर एवढेच महिने उघडे असते आणि त्या पाच महिन्यांतही घाटीचे रूप दर दोन-तीन आठवड्यांनी पालटते. त्यामुळे कोणत्या आठवड्यात जायचे हे एकदा नक्की झाले की बाकीच्या गोष्टी त्याला धरून ठरवता येतात.

पायरी पहिली : आठवडा निवडा

जूनमध्ये घाटीतले बर्फ अजून वितळत असते. नाल्यांमध्ये हिमाचे जाड थर साचलेले दिसतात आणि बर्फ जसजसे मागे सरते तसतशी मोकळ्या झालेल्या ओल्या जमिनीतून प्रिम्युला, अ‍ॅनिमोनी यांसारखी बुटकी फुले वर येतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत फुलांची विविधता सर्वाधिक असते, आणि पहिल्यांदाच जाणाऱ्याने शक्यतो हाच काळ धरावा. ऑगस्टच्या उत्तरार्धात तेरड्याच्या कुळातील उंच, गुलाबी झुडपे उतार व्यापून टाकतात. सप्टेंबरमध्ये फुले ओसरतात, पाने तांबूस होऊ लागतात, पाऊस कमी झाल्यामुळे आकाश मोकळे होते आणि शिखरे स्वच्छ दिसतात. ज्यांना फुलांपेक्षा डोंगरांची छायाचित्रे हवी आहेत, त्यांनी सप्टेंबरच निवडावा.

कास पठाराची सवय असलेल्यांना येथे एक इशारा द्यावासा वाटतो. कासचा बहर साधारण ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. तोच हिशेब मनात ठेवून हिमालयात गेल्यास बहर उलटून गेलेला असतो. शिवाय कासला एकाच रंगाची फुले दूरवर पसरलेली दिसतात, तसे दृश्य येथे क्वचितच दिसते. येथे पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पती आहेत आणि त्या ओढ्याकाठी, खडकांच्या फटींत, भूर्जवृक्षांच्या सावलीत अशा आपापल्या जागा धरून असतात. त्या पाहण्यासाठी सावकाश चालावे लागते, थांबावे लागते आणि वाकून पाहावे लागते.

तारीख पक्की करण्यापूर्वी कावड यात्रेचे दिवसही पाहून घ्यावेत. उत्तरेकडे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे तिकडचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. त्या पहिल्या पंधरवड्यात गंगाजल नेण्यासाठी लक्षावधी कावडिये हरिद्वारला येतात, रस्ते वळवले जातात आणि हरिद्वार-ऋषिकेश एवढे थोडेसे अंतर कापायलाही कित्येक तास लागू शकतात. आपल्या दिनदर्शिकेत आषाढ वद्य पक्ष कधी येतो ते पाहिले की हे दिवस नेमके कळतात. ते टाळता येण्याजोगे नसतील तर विमानाने थेट देहरादूनच्या जॉली ग्रँट विमानतळावर उतरून ऋषिकेशमार्गे पुढे जाणे सोयीचे ठरते.

पायरी दुसरी : दिवसांची मांडणी करा

हरिद्वार किंवा ऋषिकेशहून पहाटे निघाल्यास देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग आणि चमोली करत संध्याकाळपर्यंत जोशीमठ गाठता येते. या गावाचे नाव आता अधिकृतपणे ज्योतिर्मठ झाले आहे, पण बोलण्यात दोन्ही नावे चालतात. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास असले तरी रस्ता डोंगरी असल्याने दहा-बारा तास सहज लागतात, आणि दरड आली तर त्याहून अधिक. रात्री डोंगरी रस्त्यावरील वाहतूक बंद केली जाते, म्हणून उशिरा निघून रात्रीतून अंतर कापण्याचा बेत करू नये. वाटेत उशीर झालाच तर पीपलकोटीला मुक्काम करावा. तेथे राहण्याची सोय चांगली होते.

दुसऱ्या दिवशी जोशीमठाहून सुमारे वीस किलोमीटरवरील गोविंदघाटला यावे. आपली गाडी तेथेच ठेवून स्थानिक जीपने चार किलोमीटरवरील पुलना गावापर्यंत जावे आणि तेथून घांगरिया या मुक्कामाच्या गावापर्यंत साधारण दहा किलोमीटर चालावे. तिसरा दिवस पूर्णपणे घाटीसाठी ठेवावा. चौथ्या दिवशी हेमकुंड साहिब हे शिखांचे तळ्याकाठचे तीर्थस्थान, पाचव्या दिवशी पुन्हा घाटी किंवा उतरण आणि त्यानंतर परतीचा प्रवास, अशी मांडणी मला सर्वांत योग्य वाटते. पुष्कळ सहल कंपन्या घाटीला एकच दिवस देतात. ऐन पावसाळ्यात तो एक दिवस धुक्यात आणि संततधारेत गेला, तर एवढ्या लांबून येऊन समोरचा डोंगरही दिसत नाही. त्यामुळे कंपनीबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्यापूर्वीच घाटीत किती दिवस आहेत आणि राखीव दिवस आहे का, हे दोन प्रश्न विचारून घ्यावेत.

राखीव दिवसाबद्दल तडजोड करू नये. जुलै-ऑगस्टमध्ये चमोलीच्या पुढे दरडी कोसळून महामार्ग काही तास, कधी दिवसभरही बंद राहतो. परतीची रेल्वे किंवा विमान आणि हरिद्वारला पोहोचण्याचा ठरलेला दिवस यांच्यामध्ये किमान एक पूर्ण दिवस मोकळा असावा.

पायरी तिसरी : नोंदणी, मुक्काम आणि पैसे

हेमकुंड साहिब किंवा बद्रीनाथ जोडायचे असल्यास उत्तराखंड शासनाच्या संकेतस्थळावर यात्रेची नोंदणी आधीच करावी. उद्यानाचा परवाना घांगरियाजवळच्या वनविभागाच्या चौकीवर मिळतो. त्यासाठी मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. घांगरियात खासगी हॉटेले, गढवाल मंडल विकास निगमचे अतिथिगृह आणि मोठा गुरुद्वारा आहे. गुरुद्वाऱ्यात यात्रेकरूंची राहण्याची व लंगरची सोय होते, मात्र गर्दीच्या दिवसांत दालनात सर्वांबरोबर झोपण्याची तयारी हवी. रोख पैसे जोशीमठालाच काढून घ्यावेत, कारण वर वीज आणि मोबाइलचे नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असतात.

पायरी चौथी : शरीराची तयारी

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, आणि जेथून चढण सुरू होते तो गोविंदघाटच त्याहून उंचावर आहे. घांगरिया सुमारे ३,०५० मीटरवर, घाटीतली वाट त्याहूनही वर आणि हेमकुंड ४,३०० मीटरच्या पुढे आहे. निघण्यापूर्वी दोन महिने तरी आठवड्यातून तीन-चार वेळा वेगाने चालावे आणि रविवारी पाठीवर सामान घेऊन एखादी गडाची वाट चढावी. पुण्याच्या मंडळींना आतकरवाडीहून सिंहगडाची वाट या कामी उत्तम आहे. पुलना ते घांगरिया ही चढण त्याहून लांब आहे, पण वाट फरसबंदीची असून जागोजागी चहाची दुकाने आहेत. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो. म्हणून सरावात उतरण्यालाही तेवढेच महत्त्व द्यावे.

विरळ हवेचा त्रास वय किंवा ताकद पाहून होत नाही. डोके सतत दुखणे, मळमळ, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसली तर वर जाणे थांबवावे, आणि ती वाढू लागली तर लगेच खाली उतरावे. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना उंचीचे आकडे सांगूनच सल्ला घ्यावा. ज्यांना चालणे झेपत नाही त्यांच्यासाठी घांगरियापर्यंत खेचरे मिळतात आणि हवा चांगली असल्यास गोविंदघाटहून हेलिकॉप्टरही असते. घाटीत मात्र खेचरांना बंदी आहे. तेथे फार तर पाठीवरच्या टोपलीत, म्हणजे कंडीत, बसवून नेणारे वाहक मिळू शकतात.

पायरी पाचवी : सामान

भर पावसात चालायचे आहे हे धरूनच बॅग भरावी. पाठीवरच्या बॅगेसकट अंग झाकणारा पाँचो आणि त्याखाली घालायला पावसाळी पँट घ्यावी, कारण छत्री वाऱ्यात टिकत नाही आणि एक हात अडकवून ठेवते. घोट्याला आधार देणारे, पकड चांगली असलेले आणि निदान महिनाभर वापरून मऊ झालेले बूट असावेत. सुती कपडे ओले झाले की वाळत नाहीत. त्यामुळे जीन्स आणि सुती टी-शर्ट घरीच ठेवावेत. बॅगेच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यात कोरडे कपडे भरणे, हा साधा उपाय महागड्या आच्छादनापेक्षा खात्रीचा ठरतो. याशिवाय लोकरी टोपी, मोजांचे जास्तीचे जोड, काठी, विजेरी, पॉवर बँक आणि रोजची औषधे घ्यावीत.

पायरी सहावी : घाटीतला दिवस

प्रवेश सकाळी सातच्या सुमारास सुरू होतो, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि सायंकाळी पाचपर्यंत बाहेर पडावे लागते. आत मुक्कामाला परवानगी नाही. म्हणून चौकी उघडताच आत जावे. घाटीत दुकान नाही आणि स्वच्छतागृहही नाही. तेव्हा दुपारचे खाणे आणि पाणी घांगरियाहूनच बांधून घ्यावे, आणि कचरा परत आणण्यासाठी एक पिशवी ठेवावी.

घांगरिया सोडल्यावर वाट फुटते; उजवीकडची हेमकुंडला जाते आणि डावीकडची घाटीत. पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडला की भूर्जवृक्षांच्या रानातून दगडी वाटेची खडी, वळणावळणाची चढण लागते. या चढणीवर घाई करू नये. एक तर दम लागतो, आणि दुसरे म्हणजे सावलीत वाढणारी फुले येथेच दिसतात. नागाने फणा काढावा तशी दिसणारी कोब्रा लिली हिरव्या पानांत एवढी मिसळून गेलेली असते की पुढे चालणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास सुटते. चढण संपते तेथे झाडे विरळ होतात आणि एकाएकी सगळी घाटी समोर उघडते. दोन्ही अंगांना हिरवे उतार, त्यांवरून उतरणारे पाण्याचे धबधबे आणि मधोमध पुष्पावती असे ते दृश्य असते.

१९३१ साली कामेत शिखराची मोहीम आटोपून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्याचे साथीदार याच घाटीत उतरले, आणि पुढे स्माइथच्या लेखनामुळे ती जगाला माहीत झाली. मेंढपाळांना ती त्याआधीपासूनच परिचित होती. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर गुरेचराई बंद झाली. २००५ मध्ये नंदादेवी उद्यानाबरोबर तिला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. फुले गोळा करण्यासाठी आलेल्या जोन मार्गारेट लेग या वनस्पतीअभ्यासक बाईंचा १९३९ साली येथेच कड्यावरून घसरून मृत्यू झाला. त्यांची समाधी कुरणात आहे, आणि बहुतेक जण तेथवर जाऊन परततात. पाय साथ देत असतील तर पुढे नदीच्या पात्राकडेही जावे, कारण तिकडे गर्दी विरळ होते आणि ओलसर वाळूत वाढणारी गुलाबी फुले जवळून दिसतात.

निळी पॉपी पाहायची असेल तर कुरणात शोधू नये. ती खडकांच्या फटींत, पाणी झिरपते अशा ठिकाणी एकेकटी उभी असते. देठावर बारीक काटे असतात, पाकळ्या आकाशी, पातळ रेशमासारख्या असतात आणि मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका असतो. पावसाचे थेंब पडले की फूल मान खाली घालते. म्हणून जरा खाली वाकून, खालच्या बाजूने छायाचित्र काढावे. वाट सोडून आत शिरणे मात्र कटाक्षाने टाळावे. तुडवलेल्या जागी पॉलिगोनमसारखी दाट वाढणारी झुडपे जोर धरतात, नाजूक फुलांची जागा घेतात आणि वनविभागाला ती मुद्दाम उपटावी लागतात.

पायरी सातवी : हेमकुंड

घांगरियाहून हेमकुंड सहा किलोमीटर आहे, पण चढण सलग आणि खडी आहे. वर मुक्काम करता येत नाही, म्हणून पहाटेच निघून दुपारपर्यंत उतरायला लागावे. घाटीचा दिवस आधी ठेवण्याचे कारण हेच की तोवर शरीर उंचीला थोडे रुळते. वरच्या खडकाळ उतारांवर ऑगस्टमध्ये खरे हिमालयी ब्रह्मकमळ दिसते. आपल्याकडे कुंडीत रात्री उमलते त्या वनस्पतीशी त्याचे काही नाते नाही. फिकट पिवळसर, कागदासारख्या पातळ आवरणात जांभळ्या फुलांचा गुच्छ झाकलेला असतो. वर लोकपाल लक्ष्मणाचे मंदिर आहे, तसेच तळ्याकाठच्या गुरुद्वाऱ्यात गरम खिचडी आणि चहा मिळतो, तो घेऊनच उतरावे.

पायरी आठवी : परतीचा रस्ता

गोविंदघाटला उतरल्यावर पुढचा रस्ता मोकळा आहे का, हे वाहनचालकांना किंवा पोलीस चौकीवर विचारावे. मोबाइलवरील नकाशा दरडीची खबर वेळेवर देईलच असे नाही. रस्ता बंद असेल तर जोशीमठाला थांबावे आणि राखीव दिवस तेथे खर्च करावा. रस्ता मोकळा असेल आणि तो दिवस शिल्लक असेल, तर उलट्या दिशेने पंचवीस किलोमीटरवरील बद्रीनाथला जावे, दर्शन झाल्यावर माणा गावात फिरून यावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या गाड्यांबरोबर हरिद्वारच्या वाटेला लागावे.