गल्लीच्या वाट्याचं आकाश कसं मोजायचं

सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत समोरचा दुमजली वाडा पाडला आणि सहा मजल्यांचा पाया खणायला घेतला, तेव्हाच मी ठरवलं की आपल्या वाट्याचं आकाश आत्ताच मोजून ठेवायचं. दिवसभर तापलेल्या भिंती आणि रस्ता रात्री ती उष्णता आकाशाकडे सोडतात. आकाश चिंचोळं असलं की बरीचशी समोरच्याच भिंतीत जाते, आणि गल्ली उशिरा निवते. याचं माप म्हणजे ‘स्काय व्ह्यू फॅक्टर’: मोकळ्या माळावर 1, पूर्ण झाकलेल्या जागी 0.

मोबाइलला चिमट्यानं लावायची फिशआय लेन्स (जवळजवळ अर्धा गोल एका फोटोत दाखवणारी फुगीर भिंग) चालते, पण आधी तिची परीक्षा घ्या. भिंतीपासून बरोबर 1 मीटरवर लेन्स भिंतीकडे सरळ तोंड करून ठेवा. तिच्या अगदी समोरच्या बिंदूपासून 58 आणि 173 सेंटिमीटरवर खडूनं खुणा करा. या झाल्या 30 आणि 60 अंशांच्या. फोटोत दुसरी खूण केंद्रापासून पहिलीच्या दुप्पट अंतरावर आली तर उत्तम. नाही आली, तर पुढची वर्तुळं या खुणांवरूनच काढा. स्वस्त लेन्सला पूर्ण 90 अंश दिसत नाहीत, पण काळजी नको, कडेच्या शेवटच्या 10 अंशांचं वजन, म्हणजे एकूण 1 मधला वाटा, अवघं 0.03 असतं.

फोटोला आषाढातलं एकसारखं भरून आलेलं आभाळ सर्वांत चांगलं. ऊन असलं की भिंती चकाकतात, आणि सूर्य थेट चौकटीत आला तर सगळंच बिघडतं. पावसाचा थेंब मात्र त्या फुगीर काचेवर लगेच बसतो, सुती फडकं खिशात ठेवा. मोबाइल जमिनीवर उताणा, गवंड्याच्या पाणसळीनं दोन्ही दिशांना तपासून, एक्स्पोजर एक स्टॉप कमी (म्हणजे प्रकाश निम्मा). टायमर लावा आणि दूर व्हा, नाहीतर आपलंच डोकं इमारत म्हणून मोजलं जातं.

घरी ‘गिंप’ या फोटोवर काम करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये थ्रेशोल्ड लावून आकाश पांढरं, बाकी काळं करा. चुन्याच्या भिंती आकाशात मिसळतात, त्या हातानं काळ्या रंगवा. झाड असेल तर महिना लिहून ठेवा. पानगळीत आकडा बदलतो.

आता खरी गोम. नुसते पांढरे पिक्सेल मोजू नका. केंद्रापासून 30, 60 आणि 90 अंशांची वर्तुळं काढा. आतल्या चकतीचं वजन 0.25, मधल्या कड्याचं 0.50, बाहेरच्याचं 0.25. समजा, आत सगळं आकाश, मधे 40 टक्के, बाहेर काहीच नाही: 0.25 अधिक 0.20, म्हणजे 0.45. याच फोटोत सरसकट पिक्सेल मोजले तर 24 टक्केच भरतात, कारण कडेची जागा चित्रात फार पसरते. जास्त बारकावा हवा असेल तर 10-10 अंशांची नऊ कडी घ्या.

ताळा टेपनं होतो. लांब, सरळ गल्लीत इमारतींची उंची गल्लीच्या रुंदीइतकी असेल तर मधोमध 0.45 च्या आसपास यायला हवं. उंची निम्मी असेल तर 0.71, दुप्पट असेल तर 0.24.

जागेची खूण पक्की ठेवा. माझी ड्रेनेज चेंबरच्या झाकणापासून उत्तरेला तीन पावलांवर, ऑइलपेंटची. आता चौथा स्लॅब पडलाय. पुढचा फोटो सहाव्यानंतर, त्याच ठिपक्यावर.