स्क्रिप्टला वाचता येईल असे आउटपुट कसे आखावे

कमांड-लाइन टूलचे आउटपुट माणसे वाचतात आणि पाइपमधून दुसरे प्रोग्रामही वाचतात; दोघांना एकच मजकूर पुरवला, तर पुढच्या आवृत्तीत एखादा शब्द सुधारला तरी कोणाची तरी स्क्रिप्ट बंद पडते. म्हणून दोन्ही रूपे पहिल्या आवृत्तीपासूनच वेगळी ठेवावीत. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या टूलमध्ये नुसत्या 'गिट स्टेटस'ची (बदललेल्या फाइल दाखवणाऱ्या कमांडची) वाक्यरचना बदलू शकते, पण '--पोर्सेलिन' हा पर्याय दिल्यास रंग येत नाहीत, वापरकर्त्याने सेटिंग काहीही केलेले असले तरी फाइलचा मार्ग रिपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या साठ्याच्या) मुळापासूनच छापला जातो आणि हा साचा पुढेही टिकेल अशी हमी असते. अधिक तपशील देण्याची वेळ आली, तेव्हा गिटने जुन्या साच्याला हात न लावता शेजारी 'व्ही२' हा दुसरा साचा दिला.

नव्या टूलमध्ये '--जेसन' हा पर्याय (प्रोग्रामना सहज वाचता येणाऱ्या जेसन साच्यात आउटपुट देणारा) प्रत्येक उपकमांडला द्यावा आणि एका गोष्टीला सगळीकडे एकच नाव ठेवावे. आकार '१.५ जीबी' असा न छापता १६१०६१२७३६ असा बाइटमध्ये द्यावा, आणि वेळ आरएफसी ३३३९ या तारीख-वेळेच्या मानकानुसार यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहावी, कारण '०५/०३' म्हणजे पाच मार्च की तीन मे, हे प्रोग्रामला कळत नाही. दोनच्या ५३ व्या घातापलीकडचे ओळखक्रमांक स्ट्रिंग म्हणून द्यावेत. जावास्क्रिप्टमध्ये एवढ्या मोठ्या पूर्णांकांचे शेवटचे अंक बदलू शकतात.

सर्वाधिक हयगय होते ती रिकाम्या उत्तराच्या बाबतीत. यादीत काहीच नसेल, तर 'काही सापडले नाही' हे वाक्य न छापता रिकामा अ‍ॅरे द्यावा, आणि एकच नोंद असली तरी ती अ‍ॅरेमध्येच ठेवावी. नाहीतर वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी आधी प्रकार तपासत बसावे लागते.

इशारे आणि प्रगतीचे संदेश स्टँडर्ड एररवर (मुख्य आउटपुटपासून वेगळ्या प्रवाहावर) जावेत. एक्झिट कोडसाठी (प्रोग्राम संपताना जो आकडा परत देतो त्यासाठी) मजकुरात शोध घेणाऱ्या 'ग्रेप'चा कित्ता गिरवण्याजोगा आहे: जुळणारी ओळ सापडली तर ०, न सापडल्यास १ आणि प्रत्यक्ष चूक झाल्यास २.

जेसन नको असेल आणि नुसती फाइलनावेच द्यायची असतील, तर ती नल बाइटने (शून्य मूल्याच्या बाइटने) विभागण्याचा पर्याय ठेवावा, कारण युनिक्समध्ये फाइलच्या नावात नवी ओळसुद्धा चालते (अशी नावे कोणी मुद्दाम ठेवत नसले, तरी डिस्कवर ती आढळतात).