पेन्सिलीच्या शिशाचा दिवा, आणि एडिसनने नेमकं काय साधलं

टॉर्चमधले १.५ व्होल्टचे मोठे सेल ८, क्रोकोडाइल क्लिपच्या २ वायर, पेन-पेन्सिलीतलं ०.५ मिलिमीटरचं शिसं (ते खरं तर कार्बनचं असतं) आणि जाड काचेची बरणी. कार्बनच्या दिव्याला एवढं पुरतं. घरातल्या सॉकेटची वीज किंवा गाडीची बॅटरी मुळीच वापरू नका. चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा.

सेल एकसर, म्हणजे एकापाठोपाठ एक, जोडले की १२ व्होल्ट मिळतात. लाकडी फळीवर ४ सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे ठोकून त्यांना क्लिप घट्ट बांधा. मधे शिसं अडकवा. क्लिप फटकन सोडली तर ते मोडतं, हळू मिटवा. वर बरणी पालथी घाला. सेलचं शेवटचं टोक सगळ्यात शेवटी जोडा.

आधी धूर निघेल. तो शिशातल्या तेला-मेणाचा. मग शिसं लाल होतं, नारिंगी होतं, पुढे डोळे दिपवतं आणि लवकरच तुटतं. तापलेला कार्बन ऑक्सिजनशी जळून एखाद्या जागी बारीक होतो, तिथला रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो, तीच जागा आणखी तापते आणि तिथेच तुकडा पडतो. आत मेणबत्ती लावून ऑक्सिजन संपवायची युक्ती फारशी चालत नाही. ज्योत विझते तेव्हाही बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. शिसं उजळतच नसेल तर सेल उतरलेले आहेत किंवा क्लिपची पकड सैल आहे. काच आणि क्लिप दहा मिनिटं तरी निवू द्या.

खरं तर हा दिवा एडिसनपेक्षा इंग्लंडच्या जोसेफ स्वानच्या कार्बनकांडीच्या दिव्याला जवळचा. कार्बन तापवून उजेड पाडणं एडिसनच्या आधीच जमलं होतं. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत एडिसनने बारीक, जळून कोळसा झालेला सुती धागा चांगल्या निर्वातात बसवला. निर्वातामुळे धागा टिकला. बारीकपणामुळे रोध शंभरएक ओहमपर्यंत (ओहम हे रोधाचं एकक) गेला. ११० व्होल्टला अशा दिव्यातून जेमतेम १ अँपिअर वाहतो. तोच उजेड १ ओहमच्या कांडीतून हवा असेल तर प्रवाह दसपट लागतो आणि वायरीतला अपव्यय शंभरपट होतो. तो टाळायला तांब्याच्या वायरी फार जाड लागल्या असत्या, आणि त्यांनी शहर उजळणं परवडलं नसतं.

हे पाहायचं असेल तर दोन शिसं समांतर, म्हणजे त्याच दोन क्लिपांमधे शेजारी-शेजारी, जोडा. दुप्पट प्रवाह देताना सेलचा विद्युतदाब (व्होल्ट) पडतो आणि दोन्ही मंदावतात.