जुन्या हाय-फाय स्पीकरची जोडी कशी पारखावी

सत्तरच्या दशकातील स्पीकर पाहायला गेलेल्या गिऱ्हाइकाची नजर आधी लाकडाच्या पॉलिशवर जाते, आणि विकणाऱ्यालाही ते पक्के ठाऊक असते. पॉलिश मात्र कोणताही सुतार करून देतो. म्हणून भाव करताना बिघडलेला भाग आज दुरुस्त होतो किंवा बदलून मिळतो का, एवढेच पाहावे.

प्रथम पुढची जाळी काढायला सांगावी. वूफरच्या (खालचे सूर देणाऱ्या मोठ्या भागाच्या) कोनाभोवतीची, म्हणजे हलणाऱ्या शंकूच्या पडद्याभोवतीची, लवचीक कडा फोमची असेल, तर ती साधारण पंधरा-वीस वर्षांत कुजते आणि बोट लावताच तिचा चिकट भुगा हाताला येतो. एवढ्यावरून सौदा मोडू नये. नवी कडा चिकटवता येते, तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. जेबीएल एल-100 सारख्या स्पीकरच्या वूफरला कापडी कडा असते, ती बरीच अधिक टिकते. यानंतर कोनाच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून तो हलकेच, सरळ आत दाबावा. खरखर जाणवली, तर व्हॉइस कॉइल (कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी) घासते आहे असे समजावे. एआर-3ए या स्पीकरसारख्या हवाबंद पेटीत दाबलेला कोन सावकाश वर येतो. तो झटकन उसळला, तर कुठेतरी हवा गळते आहे.

मल्टिमीटर (विजेचा रोध ओहममध्ये मोजणारे यंत्र) सोबत न्यावा. अँप्लिफायरची वायर सोडवून मोजल्यास 8 ओहमच्या स्पीकरवर साधारण 5.5 ते 7 ओहम दिसायला हवेत. पण हे मोजमाप सहसा एकट्या वूफरचे असते, कारण ट्वीटरच्या (वरचे सूर देणाऱ्या लहान भागाच्या) वाटेत कॅपॅसिटर असतो, तो मल्टिमीटरची वीज अडवतो आणि ट्वीटर जळलेला असला तरी आकडा ठीकच येतो.

त्यामुळे ट्वीटरची पारख कानानेच करावी लागते. बॅलन्सचे बटण एका बाजूला फिरवून, आवाज लहान ठेवून, कान ट्वीटरजवळ न्यावा. शास्त्रीय गायनाचे परिचयाचे ध्वनिमुद्रण यासाठी उत्तम: तानपुऱ्याची जवारी दोन्ही स्पीकरांत सारखीच झळाळली पाहिजे, आणि डग्ग्याचा घुमारा फाटता कामा नये. एआर-3ए चा ट्वीटर मुका वाटला, तर मागची दोन बटणे फिरवून पाहावीत. त्यांचे संपर्क गंजतात आणि साफ केल्यावर पुष्कळदा आवाज परततो. वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरही थोड्या खर्चात बदलता येतात. याउलट यामाहा एनएस-1000एम चा बेरिलियमचा ट्वीटर गेला असेल, तर बदली मिळणे फार अवघड आहे. अशी जोडी स्वस्तात मिळत असली तरी सोडून द्यावी.

जोडी खरोखर जोडीच आहे ना, हे मागच्या लेबलवरून ताडावे. बीबीसीने आखलेला एलएस3/5ए स्पीकर आधी 15 ओहमचा होता, नंतर 11 ओहमचा झाला, तेव्हा एकेक नग जुळवून विकला जात नाही ना, हे पाहावे. मोनो (दोन्ही स्पीकरांत एकच आवाज) लावल्यावर गायकाचा आवाज बरोबर मधोमध यायला हवा. तो पसरट आणि पातळ वाटला, तर आधी वायरचे प्लस-मायनस तपासावे.

कोकणपट्टीतल्या घरातून घेत असाल, तर पेटी उलटी करून तळ पाहावा. ओल लागून फुगलेला चिपबोर्ड पूर्ववत होत नाही. शेवटी आपला अँप्लिफायर आठवावा: एआर-3ए 4 ओहमचा असून भरपूर वॉट मागतो, आणि प्रत्येक अँप्लिफायरला ते पेलत नाही.