शाळेतील लसीकरण : टोचणीच्या आधी आणि नंतर

शाळेत लसीकरणाचे सत्र ठरले की सगळ्यांचे लक्ष त्या एका सकाळीकडे लागते. प्रत्यक्षात टोचणीला मुलामागे मिनिटभर पुरतो. खरे काम असते ते आधीच्या पंधरवड्यात आणि नंतरच्या महिन्यात. गोव्यातील पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतील ज्या लहान मराठी शाळांत एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात, तिथे पालक-शिक्षक संघाला सोबत घेतल्याशिवाय ते निभत नाही.

शाळा ज्या आरोग्य केंद्राच्या कार्यक्षेत्रात येते, तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन तारीख निश्चित करावी. चतुर्थीच्या आधीचे व नंतरचे दिवस टाळावेत, कारण अनेक कुटुंबे तेव्हा मूळ घरी गेलेली असतात.

त्यानंतर यादी करावी, आणि ती इयत्तेवरून नव्हे तर जन्मतारखेवरून करावी. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार ५ ते ६ वर्षे वयात डीपीटी या घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लसीचा दुसरा बूस्टर (वर्धक डोस), तर १० व्या व १६ व्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्प यांवरील टीडी लस दिली जाते. एकाच वर्गात वयाचा फरक असला की इयत्तेवरून केलेली यादी हमखास चुकते. प्रत्येक पालकाकडून मुलाच्या लसींची नोंद असलेले माता-बाल संरक्षण कार्ड मागवून घ्यावे. ‘सगळे डोस झाले आहेत’ या तोंडी उत्तरावर विसंबू नये. कार्डात १६ ते २४ महिन्यांची ओळ आवर्जून पाहावी, कारण नवव्या महिन्यानंतर पुष्कळ पालकांच्या केंद्रातील फेऱ्या थांबतात आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस व डीपीटीचा पहिला बूस्टर तिथेच राहून जातो. परराज्यांतून कामासाठी आलेल्या कुटुंबांचे कार्ड पुष्कळदा गावीच राहिलेले असते. यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदप्रणालीवर नोंद झालेली असल्यास ती पालकांच्या मोबाइल क्रमांकावरून शोधता येते. डोस चुकला म्हणून सगळी मालिका पुन्हा सुरू करावी लागत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावे, कारण ओरडा बसेल या भीतीने काहीजण केंद्रात जाण्याचेच टाळतात. मात्र राहिलेला डोस कोणत्या वयापर्यंत देता येतो, हे लसीगणिक ठरते व त्याचा निर्णय परिचारिका किंवा डॉक्टरच घेतील.

संमतीपत्रात पूर्वीच्या लसीचा त्रास, अॅलर्जी व चालू औषधे यांची विचारणा असावी. साध्या सर्दीमुळे लस पुढे ढकलण्याचे कारण नसते. अंगात ताप असल्यास मात्र डॉक्टरांना दाखवून ठरवावे. मुलांनी न्याहारी करूनच यावे, कारण उपाशीपोटी आणि भीतीने, विशेषतः मोठ्या मुलींना, भोवळ येते. रांगेतल्या मुलांना सुई दिसणार नाही अशी आडोशाची जागा निवडावी आणि टोचणीनंतर प्रत्येक मुलाला अर्धा तास नजरेखाली बसवून ठेवावे. दंडावर थोडी सूज किंवा सौम्य ताप अपेक्षित असतो. श्वासाला त्रास किंवा अंगभर पित्त उठल्यास तत्काळ परिचारिकेला सांगावे.

शाळेतील आरोग्य तपासणी हा याचाच दुसरा भाग होय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकाने जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार व विकासातील विलंब तपासावेत, शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा यावे, अशी त्याची रचना आहे. पथक येते, तपासते, पुढील तपासणीसाठी रुग्णालयात पाठवणारी संदर्भचिठ्ठी देते. आणि ती चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडते. म्हणून वर्गशिक्षकाने हजेरीपटाशेजारी एक वही ठेवून म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलेले मूल खरोखर गेले का, चष्मा मिळाला का, हृदयाची पुढची तपासणी कधी आहे, हे दर पंधरवड्याला पालकांना विचारून लिहावे. रोजंदारी बुडवून जाणे जमत नसल्यास पालक-शिक्षक संघातील कोणीतरी सोबत जावे.